ओझे ओढायला आणि बर्फात चालवायला नवा पिकअप कसा निवडावा?

हिमवाट

नमस्कार. गेली सात वर्षे आम्ही मध्यम आकाराच्या एका एसयूव्हीमागे लहान ट्रेलर जोडून हिंडत आहोत. मुले आता मोठी झाली असल्यामुळे चौघांच्या झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेला मोठा ट्रेलर घेतला आहे. त्याचे रिकामे वजन २,५०० किलो आहे आणि भरून ३,२०० किलोपर्यंत परवानगी आहे. आमच्या सामानासकट आणि पाण्याची टाकी भरल्यावर तो ३,०५० किलोच्या आसपास जाईल, असा माझा अंदाज आहे. हे काम जुन्या गाडीच्या आवाक्याबाहेरचे असल्याने पिकअप घेण्याला पर्याय उरलेला नाही.

अडचण अशी, की आम्ही उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यातच अधिक बाहेर पडतो. वाटेत लांब घाट लागतात, पारा कधी उणे वीसपर्यंत उतरतो, आणि रस्त्यावर कुठे घट्ट दाबलेला बर्फ, कुठे नुसता चिखलबर्फ, तर कुठे मिठाचे पाणी असते. उरलेले दिवस हीच गाडी रोज कामावर न्यायची आहे. मी चार कंपन्यांची माहितीपत्रके वाचून काढली. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर प्रत्येक ट्रक माझा ट्रेलर हसतखेळत ओढतो, आणि एकावर तर ओढक्षमता ४,९९० किलो म्हणजे ११,००० पौंड लिहिली आहे. सगळेच पास होत असतील तर निवड कशाच्या आधारावर करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नांगरगाठ

माहितीपत्रकावरील तो मोठा आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या प्रश्नाचे उत्तरही नसतो. हल्ली तो एसएई जे २८०७ या, वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या प्रमाणपद्धतीने काढतात. टोयोटाने २०११च्या मॉडेलपासून ती पाळायला सुरुवात केली आणि बाकीच्या मोठ्या कंपन्या पुढच्या काही वर्षांत त्या रांगेत आल्या. या पद्धतीतील सर्वांत प्रसिद्ध कसोटी म्हणजे ॲरिझोनातील डेव्हिस डॅमचा सुमारे ११ मैलांचा चढ. बाहेर निदान ३८ अंशांची उष्णता आणि वातानुकूलन पूर्ण जोरात, अशा स्थितीत ट्रेलरसकट ट्रकचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. शिवाय १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघता आले पाहिजे, पुढेही आणि मागेही. इंजिन तापते का, गिअरबॉक्स टिकतो का, हे पाहण्यासाठी ही कसोटी चांगलीच आहे. मात्र ती वाळवंटातली आहे हे विसरू नये, कारण तुमचा ट्रक डांबर दिसत नसलेल्या घाटात उतरणार आहे.

तुमच्यासाठी महत्त्वाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, पिवळ्या पट्टीच्या लेबलवर असतो. माणसे आणि सामान मिळून या गाडीत इतक्या किलोपेक्षा अधिक वजन असू नये, असे त्यावर लिहिलेले असते. यालाच आपण पेलोड म्हणतो. हा आकडा मॉडेलचा नसून त्या एकेका गाडीचा असतो, आणि चालकही त्यातच मोजायचा असतो.

ट्रेलरचे सगळे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसते. त्याचा काही भाग ट्रेलर जोडण्याच्या यंत्रणेच्या (हिचच्या) बॉलवर, म्हणजे ट्रकच्या शेपटीवर, उभा पडतो. हे टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावे लागते, आणि त्याहून कमी झाले की ट्रेलर डोलायला लागतो. प्रमाण कसोटीत सहसा १० टक्के धरतात. राहण्याचे ट्रेलर प्रत्यक्षात १२-१३ टक्क्यांच्या खाली क्वचितच असतात. आता तुमचाच हिशेब करू. ३,०५० किलोचे १३ टक्के म्हणजे जवळपास ४०० किलो झाले. शेपटीवरचे हे वजन बाकीच्या चाकांवर वाटून देणारा हिच स्वतःच ४० किलोचा असतो. चौघांचे २२५ किलो धरा, आणि हौद्यात जनरेटर, साखळ्या, फावडे, जॅक असे ९० किलो. बेरीज ७५५ किलो. मी स्वतः ११,००० पौंडांची जाहिरात असलेल्या एका गाडीच्या दारावर ६५० किलोचे लेबल पाहिले आहे. त्या गाडीने खरोखर ११,००० पौंड ओढायचे ठरवले, तर १३ टक्क्यांच्या हिशेबाने टंग वेटच ६५० किलो होते आणि मग चालकाला खाली उतरून पायी चालावे लागेल!

म्हणून आधी बेरीज करावी, तिच्यावर शंभरेक किलोची मोकळीक ठेवावी आणि मगच ट्रक पाहायला जावे. काचेचे छत, वीस-बावीस इंची रिम, विजेवर बाहेर येणाऱ्या पायऱ्या आणि थंड-गरम होणाऱ्या खुर्च्या यांतली प्रत्येक वस्तू पेलोडमधून वजा होते. एकाच मॉडेलच्या साध्या आणि शाही श्रेणीत दीडदोनशे किलोचा फरक सहज पडतो, आणि जास्त पैसे मोजून कमी ओझे वाहणारी गाडी घरी येते.

घाटमाथा

नांगरगाठ यांचा हिशेब बिनचूक आहे, पण त्यातून निघणारा सरळ निष्कर्ष त्यांनी सांगितला नाही. अर्ध्या टनाच्या, म्हणजे फोर्ड एफ-१५०सारख्या नेहमीच्या पिकअपच्या, वर्गात किलो-किलो मोजत बसण्यापेक्षा त्याच्या वरचा तीन-चतुर्थांश टनाचा, म्हणजे एफ-२५० किंवा रॅम २५०० या वर्गातील ट्रक घ्यावा आणि निश्चिंत व्हावे. चौकट जाड, ब्रेक मोठे, ॲक्सल दणकट. वाऱ्याची झोत आली तरी ट्रेलर ट्रकला हलवू शकत नाही. मी आधी छोटा घेतला, दोन वर्षांनी बदलला, आणि त्यात जे गमावले ते पुन्हा सांगवत नाही.

नांगरगाठ

घाटमाथा, दर वेळी तसे होत नाही. त्या वर्गातील अनेक गाड्यांचे एकूण कमाल वजन १०,००० पौंडांवर, म्हणजे ४,५३६ किलोंवर, बांधलेले असते. त्यात डिझेल इंजिन बसवले की त्याचे वजन त्याच मर्यादेतून जाते, आणि सर्व सुखसोयींच्या डिझेल गाडीचे पेलोड चांगल्या निवडलेल्या अर्ध्या टनाच्या गाडीपेक्षा फार वर उरत नाही. वर्ग कोणताही असो, लेबल वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. शिवाय धागाकर्त्यांना ही गाडी रोज रिकामी चालवायची आहे. रिकाम्या जड ट्रकची मागची कडक स्प्रिंग आणि पुढचे जड नाक ही जोडी निसरड्या रस्त्यावर फारशी प्रेमळ नसते.

चाकोरी

वजनाचे झाले, आता चाकांचे बोलू. बर्फ म्हटले की बहुतेकांची चर्चा फोर-व्हील ड्राइव्हपाशी सुरू होते आणि तिथेच संपते, हे मला नेहमी खटकते. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते चांगली, चढते चांगली. पण थांबण्याच्या बाबतीत तिला त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. बर्फात झपाट्याने वेग घेता येतो म्हणून चालकाला आत्मविश्वास येतो, आणि वळणावर कळते की रस्त्याशी नाते फक्त टायरचे आहे.

म्हणून पहिला खर्च टायरांवर करावा. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागते, तर हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात. नुसते 'एम अधिक एस' (चिखल आणि बर्फ) हे शिक्के नक्षीच्या आकारावरून मिळतात, त्यासाठी बर्फावरील कसोटी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह मात्र बर्फावर पकड मोजूनच देतात. तीही कसोटी वेग घेण्याची आहे, बर्फाळ काचेसारख्या रस्त्यावर थांबण्याची नाही. त्यामुळे ते चिन्ह असलेला बारमाही टायर आणि खरा हिवाळी टायर यांना एकाच तागडीत तोलू नये. तुमच्या बाबतीत आणखी एक अट आहे. टायरची भारक्षमता मागच्या ॲक्सलवर येणाऱ्या वजनाला पुरली पाहिजे. मोटारीच्या वर्गातील मऊ टायर ओझ्याखाली कडेकडेने लवतात आणि ट्रेलरचे डोलणे वाढवतात, म्हणून हलक्या ट्रकसाठी बनवलेले हिवाळी टायर पाहावेत. मोठ्या रिमचा मोह टाळावा. रिम जितकी लहान आणि टायर जितका अरुंद, तितका तो सैल बर्फ कापून खाली जातो, आणि साखळ्या चढवायलाही जागा उरते. हवेचा दाब थंड सकाळीच मोजावा, कारण दर साडेपाच अंशांच्या घसरणीला तो साधारण एक पीएसआयने (दर चौरस इंचाला एका पौंडाने) उतरतो. गरम गॅरेजमध्ये बरोबर भरलेला टायर घाटमाथ्यावर सात-आठ पीएसआयने कमी भरलेला असतो.

आता फोर-व्हील ड्राइव्हच्या प्रकारांकडे. जुन्या पद्धतीच्या अर्धवेळ यंत्रणेत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचे अंतर कापतात, आणि हा फरक निसरड्या रस्त्यावर चाक घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर मात्र तो भरून निघत नाही, यंत्रणा आवळली जाते आणि सुकाणू हातात अडखळते. हिवाळ्यातला रस्ता तर शंभर पावलांवर कोरडा, पुढच्या शंभरांवर ओला आणि सावलीतल्या वळणावर गोठलेला असतो. अशा वेळी बटण दाबत बसण्यापेक्षा 'ऑटो' ही सोय असलेली यंत्रणा फार सुखाची ठरते, कारण तिच्यातला क्लच गरजेपुरतीच ताकद पुढे पाठवतो. फोर्ड, जीएम आणि रॅम यांच्या अर्ध्या टनाच्या ट्रकांत ती काही श्रेणींत मिळते. टोयोटा टुंड्राची यंत्रणा अर्धवेळ आहे. ट्रक घेताना हा प्रश्न श्रेणीचे नाव घेऊनच विचारावा, कारण एकाच मॉडेलात दोन्ही यंत्रणा असू शकतात. मागच्या ॲक्सलला कुलूप लागणारे किंवा मर्यादित घसरणारे डिफरेन्शियलही (दोन्ही चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) जरूर घ्यावे. बर्फातून ट्रेलर बाहेर काढताना एक चाक जागच्या जागी फिरत राहिले आणि दुसरे ढिम्म हलले नाही, तर मग फावडेच कामाला येते.

उताराबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती कुणी फारशी सांगत नाही. टो-हॉल, म्हणजे ओझे ओढतानाची गिअरबॉक्सची खास पद्धत, चालू असताना गिअरबॉक्स आपणहून खालचा गिअर घेतो आणि इंजिन गाडीला मागे खेचते. कोरड्या घाटात हे वरदान आहे. बर्फावर ट्रक फक्त मागच्या चाकांवर चालत असेल, तर ती सगळी ओढ त्या दोन चाकांवर येते, ती घसरतात, आणि मागून ट्रेलर ढकलत असतोच. म्हणून उतार लागण्यापूर्वीच फोर-व्हील ड्राइव्ह चालू करावी, म्हणजे इंजिनाची ओढ चारही चाकांत वाटली जाते. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट आवळून इंजिनाकरवी वेग रोखणारी सोय) असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

तेलवाटी

इंजिनाविषयी कुणी अजून लिहिले नाही, तेव्हा मी लिहितो. माझा रोजचा संबंध डिझेलशी असला, तरी मी डिझेलचा भाट नाही.

ओझे ओढायला डिझेलसारखे इंजिन नाही, हे खरे. कमी फेऱ्यांत भरपूर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो, इंधन कमी लागते आणि चढावर इंजिन किंचाळत नाही. पण थंडीत डिझेलमधील मेण गोठू लागते, आधी इंधन ढगाळ दिसते आणि मग फिल्टर बुजतो. थंड प्रदेशातले पंप हिवाळ्यात वेगळे मिश्रण विकतात. पंचाईत तेव्हा होते, जेव्हा आपण सखल, उबदार भागात टाकी काठोकाठ भरतो आणि रात्री डोंगरावर मुक्काम करतो. टाकीत खालचे इंधन आणि बाहेर वरची थंडी, म्हणून सकाळी इंजिन दोन मिनिटे चालून मरते. यावर उपाय असा, की खाली अर्धीच टाकी भरावी आणि वर पोहोचून उरलेली भरावी. धूर स्वच्छ करण्यासाठी लागणारे ३२.५ टक्के युरियाचे द्रावण उणे ११ अंशांना गोठते. टाकीत हीटर असतो आणि ते वितळेपर्यंत गाडी चालते, त्यामुळे त्याची भीती नको. मात्र बरोबरच्या कॅनमधले द्रावण गोठलेलेच राहील, हे लक्षात असू द्यावे. रोजचा प्रवास दहा मिनिटांचा असेल, तर डिझेल थंडीत धड तापतही नाही आणि काजळीचा फिल्टर जाळून साफ करायला त्याला सवड मिळत नाही.

पेट्रोलमध्ये साधे व्ही-८ की टर्बो व्ही-६, हा वाद न संपणारा आहे. मी एवढेच म्हणेन, की घाट उंच असतील तर टर्बोचा विचार करावा. साधे इंजिन दर ३०० मीटर उंचीला सुमारे तीन टक्के ताकद गमावते. दोन-अडीच हजार मीटरवर पाचव्या हिश्श्याहून अधिक ताकद हवेत विरते, आणि टर्बो ती बऱ्याच अंशी भरून काढतो. टर्बो इंजिन ओझ्याखाली पेट्रोल मात्र सढळ हाताने पिते. मागच्या ॲक्सलचे गिअर प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्ट किती फेऱ्या घेतो ते, माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात लपलेले असते. ते ३.५५ ऐवजी ३.७३ घेतले तर तोच ट्रक वेगळा वाटतो.

विजेवरचा ट्रक मी मित्राच्या घरी चालवून पाहिला. ओढायला त्याच्यासारखा शांत आणि दमदार दुसरा नाही, पण मोठ्या, चपट्या तोंडाचा ट्रेलर मागे लावला की पल्ला जवळपास निम्म्यावर येतो. थंडी त्यातला आणखी घास घेते. बहुतेक चार्जिंगच्या जागा एकट्या गाडीसाठी आखलेल्या असल्याने दर वेळी ट्रेलर सोडून ठेवावा लागतो. बर्फात, काळोखात, गोठलेल्या बोटांनी ते काम करायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावे.

इंधन कोणतेही असो, ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन विजेवर गरम ठेवणारा हीटर, बसवून घ्यावा, आणि निघण्याआधी तीनेक तास तो चालू राहील असे टायमर लावावे. बॅटरीवर शीत-प्रारंभ अँपिअर लिहिलेले असतात. उणे १८ अंशांना तीस सेकंद ती किती प्रवाह देऊ शकते, त्याचा तो आकडा आहे. बॅटरी बदलताना बाकी काही नाही वाचले तरी चालेल, तो आकडा वाचावा.

हिमवाट

सर्वांचे मनापासून आभार. मला डिझेलचा मोह होता, पण रोजचा प्रवास अवघ्या बारा मिनिटांचा असल्यामुळे तो आवरतो. एक शंका उरते. वजन वाटून देणारा हिच बर्फात धोक्याचा असतो, तो सैल करावा, असे एका परिचितांनी ठामपणे सांगितले. त्यात तथ्य आहे का?

उतारपेठ

तथ्य अर्धेच आहे, आणि ते अर्धे मी स्वतः भोगलेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बॉलवर वजन पडले की ट्रकची शेपटी दबते आणि तोंड वर येते. मागची ॲक्सल टेकू बनते आणि पुढच्या चाकांवरचे शे-दीडशे किलो उचलले जातात. बर्फावर हलकी झालेली पुढची चाके म्हणजे सुकाणू फिरवायचे आणि गाडीने सरळच जायचे. हिचच्या स्प्रिंगसारख्या दांड्या ते वजन पुन्हा पुढे ढकलतात. पण त्या फार आवळल्या, तर मागची ॲक्सल हलकी होते, आणि निसरड्यावर ट्रकची शेपटी ट्रेलरच्या ताब्यात जाते. त्यामुळे प्रश्न लावावा की लावू नये असा नसून किती लावावा असा आहे. पुढचे वजन मूळच्या थोडे खालीच राहू द्यावे, आणि नेमके किती ते ट्रकच्या पुस्तिकेत दिलेले असते. घर्षणाने डोलणे रोखणारी वेगळी पट्टी असेल, तर ती निसरड्यावर काढून ठेवण्याची सूचना बरेच उत्पादक देतात. तुमच्या परिचितांनी बहुधा हे ऐकलेले असावे.

आता माझी चूक. बर्फावर चालवायच्या दोन स्नोमोबाइल आम्ही ट्रेलरच्या मागच्या बाजूला चढवल्या होत्या, कारण तशा त्या उतरवायला सोप्या जातात. टंग वेट मोजले नव्हते. उतारावर दोन मार्गिकांमध्ये चिखलबर्फाचा एक उंचवटा साचला होता, आणि मी एका हळू ट्रकला ओलांडण्यासाठी तो पार केला. आधी ट्रेलरची उजवी चाके त्यावर चढली, मग डावी. आरशात ट्रेलरचा डावा कोपरा दिसला, नाहीसा झाला, आणि उजवा दिसला. मी घाबरून ब्रेक दाबला आणि पुढचा हेलकावा दुप्पट मोठा आला. शेजारी बसलेल्या दिरांनी काही न बोलता हात पुढे केला आणि डॅशबोर्डवरच्या ट्रेलर ब्रेकची कळ अंगठ्याने हलकेच सरकवली. ट्रेलर मागून ताणला गेला, जशी दोरी ताणल्यावर सरळ होते तसा, आणि दोन हेलकाव्यांत रांगेत आला. पुढच्या थांब्यावर आम्ही स्नोमोबाइल पुढे सरकवल्या. माझे हात तोवर थरथरत होते.

म्हणून ट्रक घेताना ट्रेलर ब्रेकचा नियंत्रक कारखान्यातूनच बसवलेला घ्यावा. तो स्थैर्ययंत्रणेशी जोडलेला असतो, आणि डोलणे सुरू झाले की ट्रकच आधी जागा होतो. त्याचा जोर बर्फासाठी कमी करायला विसरू नये. कोरड्या रस्त्यासाठी लावलेला जोर बर्फावर ट्रेलरची चाके पूर्ण अडवतो, आणि अडलेले चाक दिशा धरत नाही. मोकळ्या जागेत ताशी वीस-पंचवीस किलोमीटर वेगात नुसती कळ दाबून पाहावी, चाके घसरत असतील तर जोर एकेक पायरी उतरवावा.

चाकोरी

उतारपेठ यांना अनुमोदन. मागे वजन ठेवून टंग वेट कमी करणे, हा डोलण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत सामान्य रस्ता आहे. लांब व्हीलबेसचा ट्रक अशा वेळी अधिक स्थिर राहतो, तेव्हा धागाकर्त्यांनी सर्वांत आखूड हौद्याचा हट्ट धरू नये.

तेलवाटी

गंजाबद्दल थोडक्यात. एफ-१५०चे अंग २०१५पासून ॲल्युमिनियमचे आहे, त्यामुळे अनेकांचा समज होतो की गंजाचा प्रश्न मिटला. खालची चौकट पोलादीच आहे, आणि मिठाचे पाणी तिच्याच पोकळीत शिरते. दर शरदात खालून तेलकट लेप मारून घ्यावा, कडक डांबरी थर नको, कारण त्याला तडा गेला की पाणी आत अडकते. ट्रेलरच्या सात पिनांच्या जोडणीत ओल रोखणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरावे, नाहीतर हिरवी बुरशी चढते आणि ब्रेकचे दिवे ऐन घाटात रुसतात. मुक्कामी ओल्या बर्फात हातब्रेक ओढून ठेवू नये. ब्रेकची नाल ड्रमला गोठून चिकटते आणि सकाळी चाक फरफटत निघते. त्यापेक्षा चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

हिमवाट

तीन आठवड्यांनी परत येतो आहे, कारण हिशेब पूर्ण करणे माझे कर्तव्य होते.

एका संध्याकाळी विक्रेत्याच्या आवारात हातात विजेरी आणि वही घेऊन मी ओळीने दारे उघडत गेलो. विक्रेता आधी गोंधळला, मग स्वतःच किल्ल्या घेऊन पुढे चालू लागला. एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे, शेजारी शेजारी उभे असलेले दोन ट्रक होते. एकाच्या लेबलवर ६६४ किलो, दुसऱ्याच्या ८६२. पहिल्याला काचेचे छत आणि बावीस इंची रिम होत्या. दुसऱ्याला कापडी खुर्च्या, अठरा इंची रिम, टोइंगचे पूर्ण साहित्य, ३.७३चे प्रमाण, ऑटो फोर-व्हील ड्राइव्ह आणि कुलूप लागणारे मागचे डिफरेन्शियल होते. इंजिन दोन्हींत तेच, टर्बो व्ही-६. दुसरा घेतला. मुलांना छत न मिळाल्याचे दुःख झाले आहे, ते मी सहन करतो आहे. निघण्यापूर्वी हलक्या ट्रकच्या वर्गातील हिवाळी टायर आणि ब्लॉक हीटर बसवला.

काल सगळे भरून वजनकाट्यावर गेलो. ट्रक एकटा असताना पुढच्या ॲक्सलवर १,४८० किलो होते. ट्रेलर जोडला आणि दांड्या लावल्या नाहीत, तेव्हा १,३४५. म्हणजे उतारपेठ यांनी सांगितले तसे १३५ किलो खरोखरच उचलले गेले. दांड्या पुस्तिकेप्रमाणे लावल्यावर आकडा १,४३०वर आला, आणि तिथेच थांबलो.

टंग वेटने मात्र मला चकवले. गोठू नये म्हणून हिवाळ्यात पाण्याची टाकी रिकामी ठेवतो, त्यामुळे ट्रेलर ३,०५० ऐवजी २,९०० किलो भरला. वजन कमी झाले म्हणून मी खूश होतो, पण टंग वेट ४०० च्या अंदाजाऐवजी ४२० निघाले. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. माझी दीडशे लिटरची टाकी ट्रेलरच्या ॲक्सलच्या मागे, साधारण मीटरभर अंतरावर आहे. ती भरलेली असताना शेपूट खाली खेचते आणि बॉलवरचे तीसेक किलो उचलते. टाकी रिकामी केली की ते तीस किलो पुन्हा बॉलवर येतात. हिच, माणसे आणि हौद्यातले सामान धरून बेरीज ७७५ किलो होते, ८६२च्या आत. शेजारचा, काचेच्या छताचा ट्रक घेतला असता तर ट्रेलरचे वजन घटूनही मी शंभराहून अधिक किलोंनी वर गेलो असतो.

परवा पहाटे निघतो आहोत. खाली इंधन भरून घाट चढू, टायरमधील हवेचा दाब वर पोहोचून पुन्हा मोजेन आणि ट्रेलर ब्रेकचा जोर पहिल्या मोकळ्या जागेत तपासून घेईन.